‘निळं बटण’ म्हणजे कुठलं? डिजिटल सुगम्यता समजून घेताना

फोनवरून कुणाला ऑनलाइन फॉर्म भरायला मदत केली असेल, तर हा संवाद ओळखीचा वाटेल.

“आई, आता ते निळं बटण दाब.”
“कुठलं गं निळं? इथे दोन आहेत.”
“खालचं, उजवीकडचं.”
“उजवीकडे काहीच नाही.”

आपल्या पडद्यावर सगळं लख्ख दिसत असतं आणि तरी सांगता येत नाही. दोन-तीनदा असं झालं की आपण सांगण्याची पद्धत बदलतो: “‘पुढे जा’ असं लिहिलेलं बटण शोध.” मग काम होतं. रंग, जागा आणि आकार सांगून भागत नाही, वस्तूचं नाव आणि तिचं काम सांगावं लागतं. डिजिटल सुगम्यता या विषयाचा गाभा मला या संवादात सापडतो.

हा विषय सध्या चर्चेत यायला कारण आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिबाधित व्यक्ती न्यायालयात गेल्या होत्या. त्यांची अडचण साधी होती. ऑनलाइन ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगितलं जातं, आणि त्यांच्यापैकी काहींना ते शक्यच नव्हतं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २८ जून २०२५ पासून, युरोपीय महासंघात सुगम्यतेचा कायदा खासगी कंपन्यांच्या अनेक डिजिटल सेवांना लागू झाला. साहजिकच वेबसाइट, ॲप किंवा साधी पीडीएफ बनवणाऱ्या अनेकांना आता प्रश्न पडलाय, की हे नेमकं काय असतं आणि शिकायचं कुठून?

दोन शब्द आधी स्पष्ट करते. सुगम्यता म्हणजे बनवलेली गोष्ट अपंगत्व असलेल्या माणसालाही स्वतःच्या हाताने, कुणाच्या मदतीविना वापरता येणं. सर्वसमावेशक डिझाइन म्हणजे ती गोष्ट बनवतानाच वेगवेगळ्या क्षमतांची माणसं गृहीत धरणं आणि शक्यतो त्यांना सोबत घेऊन बनवणं. सुगम्यता हा परिणाम आहे, तर सर्वसमावेशक डिझाइन ही कामाची रीत.

## प्रत्येक पानाची दोन रूपं असतात

आपण वेबपान बघतो तेव्हा त्याचं एक रूप डोळ्यांना दिसतं. मोठ्या अक्षरांतलं मथळ्यासारखं काहीतरी, चौकट, चित्र, रंगीत बटण. त्याच वेळी ब्राउझर आतल्या आत पानाची एक यादीही बनवतो. तिच्यात प्रत्येक घटकाचं नाव, प्रकार आणि सध्याची स्थिती नोंदलेली असते. ‘अटी मान्य आहेत’ हे नाव, ‘चेकबॉक्स’ हा प्रकार, ‘टिक नाही’ ही स्थिती.

ही यादी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर. संगणकावर एनव्हीडीए किंवा जॉज, आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक. दृष्टिहीन माणूस पान वाचतो म्हणजे हे दुसरं रूप वाचतो. आणि आपण सगळी मेहनत पहिल्या रूपावर घेतलेली असते.

मी पहिल्यांदा स्वतः बनवलेल्या पानावर स्क्रीन रीडर चालवला, तेव्हा ऐकू आलं ते असं: “बटण. बटण. बटण. चित्र, आयएमजी शून्य शून्य तीन सात.” पडद्यावर शोधासाठी भिंग होतं, बंद करायला फुली होती, मेनूसाठी तीन आडव्या रेघा होत्या. बघणाऱ्याला सगळं कळत होतं. पण त्या बटणांना मी नावंच दिली नव्हती. माझ्या पानाचं दुसरं रूप जवळपास कोरं होतं, आणि इतकी वर्षं मला त्याचा पत्ताही नव्हता.

काही चुका याहून वाईट असतात. पुष्कळदा एखादा साधा चौकोन रंगवून बटणासारखा दिसेल असा केला जातो. माउसने टिचकी मारली तर चालतोही. पण त्याचा ‘प्रकार’ बटण नसतो, त्यामुळे स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही आणि कीबोर्डवरून तिथे पोहोचताही येत नाही. भिंतीवर दार रंगवावं तशातला हा प्रकार. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये खरं बटण फुकट मिळतं, सोबत त्याचं सगळं वागणंही मिळतं. ते सोडून नकली बनवायचं आणि मग त्याला एकेक गुण चिकटवत बसायचं, हा उलटा घास आहे.

मथळ्यांचंही तसंच. अक्षरं ठळक आणि मोठी केली की डोळ्याला मथळा दिसतो. पण स्क्रीन रीडर वापरणारे लोक बऱ्याचदा आधी मथळ्यामागून मथळ्यावर उड्या मारत पानाचा अंदाज घेतात, अगदी आपण पुस्तकाची अनुक्रमणिका चाळतो तसाच. नुसत्या ठळक अक्षरांवर ती उडी पडत नाही. वर्डमध्ये लिहितानाही ‘हेडिंग’ ही शैली वापरली तरच मथळा मथळा होतो. दुव्यांचीही अशी वेगळी यादी काढता येते. तिच्यात ‘इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा’ असं आठ वेळा ऐकणाऱ्याला काय उपयोग?

चित्राचं वर्णन, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, लिहिताना बरेच जण अडखळतात. मला फोनची कसोटी उपयोगी पडते. हेच पान फोनवर वाचून दाखवत असते, तर या चित्राबद्दल काय बोलले असते? आलेख असेल तर ‘आलेख’ एवढं सांगून थांबले नसते, त्यातून काय दिसतं ते सांगितलं असतं. कोपऱ्यातली नक्षी असेल तर काहीच बोलले नसते. मग तिथे वर्णन मुद्दाम रिकामं ठेवायचं, म्हणजे स्क्रीन रीडर ती नक्षी ओलांडून पुढे जातो. ते लिहायचंच विसरलं, तर तो बऱ्याचदा फाइलचं नाव वाचत बसतो.

## देवनागरीतले खास खाचखळगे

सुगम्यतेवरचं बहुतेक लेखन रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून झालंय. मराठीत लिहिणाऱ्यांचे काही प्रश्न त्यात येतच नाहीत.

पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न जुन्या फॉन्टांचा. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर नीट दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेली असतात ती ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. स्क्रीन रीडर पोशाख बघत नाही. तो ती रोमन अक्षरं वाचायला जातो आणि अख्खा दस्तऐवज अर्थहीन आवाजात बदलतो. डोळसांनाही याचा फटका बसतोच: त्या फाइलमध्ये ‘मराठी’ शोधलं तर सापडत नाही, मजकूर दुसरीकडे चिकटवला तर त्याची भलतीच अक्षरं होतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. एवढ्या वर्षांनंतरही जुन्या फॉन्टमध्ये दस्तऐवज तयार होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे टाळायला पैसे लागत नाहीत.

दुसरा प्रश्न भाषेच्या खुणेचा. पान कोणत्या भाषेत आहे हे त्याच्या कोडमध्ये सांगावं लागतं; मराठीसाठी ‘एम आर’ ही दोन अक्षरं. ती नसतील तर स्क्रीन रीडर कुठला आवाज वापरायचा याचा अंदाज बांधतो, आणि इंग्रजी आवाजाच्या हाती मराठी मजकूर पडला की शब्द मोडतात किंवा चक्क गाळले जातात. एका ओळीचं काम आहे हे.

तिसरा प्रश्न जागेचा. आपल्या अक्षरांना वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार. रोमन अक्षरांच्या मापाने ओळीची उंची बांधून टाकली आणि वाचणाऱ्याने अक्षरं मोठी केली, की ही चिन्हं कापली जातात. ‘सूचना’ची ‘सचना’ होते. फिक्या रंगात अनुस्वाराचं टिंब तर सर्वांत आधी हरवतं. ‘रंग’ आणि ‘रग’ यांत एका टिंबाचाच फरक आहे.

आणि मजकुराचं चित्र. सूचना छान सजवून चित्र म्हणून पाठवली, तर तिच्या दुसऱ्या रूपात एकही शब्द नसतो. चित्रासोबत तोच मजकूर टाइप करून दिला की प्रश्न मिटतो.

## फक्त डोळ्यांचा प्रश्न नाही

स्क्रीन रीडरबद्दल इतकं बोललं जातं, की सुगम्यता म्हणजे दृष्टिहीनांची सोय असा समज होतो. तो अपुरा आहे.

ज्याच्या हातांना कंप आहे किंवा हात हलतच नाहीत, तो माउस वापरू शकत नाही. तो कीबोर्ड वापरतो, किंवा डोक्याने, ओठांनी, पायाने दाबायचा एकच स्विच. त्याला पानावरच्या प्रत्येक गोष्टीपर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचता आलं पाहिजे आणि आपण आत्ता कुठे आहोत हे दिसलंही पाहिजे. टॅब दाबल्यावर घटकाभोवती जी चौकट उमटते ती याचसाठी असते. ‘छान दिसत नाही’ म्हणून ती काढून टाकणं म्हणजे नकाशावरची ‘तुम्ही इथे आहात’ ही खूण पुसणं.

कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळं २१ ला १ भरतं. साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ लागतं, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. पांढऱ्यावर फिकट करडं हा जो सध्याचा आवडता साज आहे, तो बऱ्याचदा इथेच नापास होतो. रंगांधळेपणाचंही विसरू नये. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्याचा फरक नीट कळत नाही. चुकलेली चौकट फक्त लाल करणारा फॉर्म त्याला काहीच सांगत नाही. ‘फोन क्रमांकात एक आकडा कमी आहे’ असं शब्दांत लिहिलं तर ते त्यालाही कळतं आणि घाईत असलेल्या इतर सगळ्यांनाही.

कर्णबधिरांसाठी व्हिडिओला कॅप्शनची पट्टी हवी, म्हणजे त्यातलं बोलणं पडद्यावर लिहून दाखवणारी. आपोआप तयार होणारी पट्टी हा कच्चा खर्डा समजावा, कारण ती नेमकी नावांत आणि आकड्यांत चुकते, म्हणजे जिथे चुकायला नको तिथेच. शिवाय जन्मापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्या अनेकांसाठी लिहिलेली मराठी ही दुसरी भाषा असते. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे; ती बोलीचं हातवाऱ्यांनी केलेलं भाषांतर नव्हे.

झटके येणाऱ्या व्यक्तींसाठी सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारी गोष्ट धोक्याची ठरू शकते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लुकलुकीमुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

आणि आकलनाचा मुद्दा, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. वाचनाची अडचण असलेली व्यक्ती, विस्मरण होणारी वृद्ध व्यक्ती, चित्त स्थिर ठेवणं कठीण जाणारी व्यक्ती. दहा मिनिटांत भरला नाही तर पुसला जाणारा फॉर्म, मधेच उगवणाऱ्या चौकटी, ‘सदरहू प्रयोजनार्थ’ची भाषा, हे सगळं त्यांना बाहेर ठेवतं. सोपी वाक्यं लिहिणं हेही सुगम्यतेचंच काम आहे, आणि त्याला कोड येण्याची गरज नाही.

## नियम कुठे सापडतात?

वेबचे तांत्रिक मानक ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९९ साली सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आद्याक्षरांवरून त्यांना ‘विकॅग’ म्हणतात. सध्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. तिचे चार खांब असे: मजकूर कोणत्या ना कोणत्या इंद्रियाने जाणवला पाहिजे, वापरता आला पाहिजे, समजला पाहिजे, आणि वेगवेगळ्या उपकरणांवर टिकला पाहिजे. ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन चढत्या पातळ्या आहेत. कायदे आणि करार सहसा डबल ए मागतात, आणि शिकणाऱ्यानेही तिथवरच लक्ष्य ठेवावं.

प्रत्यक्षात परिस्थिती कशी आहे? वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटांची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या. त्यातल्या बहुतांश चुका सहाच प्रकारांत मोडतात: फिका मजकूर, वर्णन नसलेली चित्रं, नाव नसलेल्या फॉर्मच्या चौकटी, रिकामे दुवे, रिकामी बटणं आणि भाषेची खूण नसणं. मला या यादीतून धीर येतो. यातलं काहीही अवघड नाही.

## ‘पण आमच्याकडे असे वापरकर्ते नाहीतच’

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे सहापैकी एकाला. जिथे फक्त जिना आहे त्या वरच्या मजल्यावर व्हीलचेअरवरचं कुणी दिसत नाही, याचा अर्थ व्हीलचेअर वापरणारी माणसं नाहीत असा होत नाही.

शिवाय क्षमता ही कायमची एकसारखी गोष्ट नसते. एक हात नसलेली व्यक्ती, हात प्लास्टरमध्ये असलेली व्यक्ती आणि कडेवर बाळ असलेली व्यक्ती, तिघींनाही एका हाताने चालणारं ॲप लागतं. हे उदाहरण मी जपून वापरते, कारण त्यातून एक चुकीचा निष्कर्ष निघू शकतो: सगळ्यांना फायदा होतो म्हणून करायचं. फायदा होतोच. पण प्लास्टर सहा आठवड्यांत निघतं, आणि पहिल्या व्यक्तीची अडचण रोजची आहे. तिला वापरता यावं एवढं कारण पुरेसं आहे.

## ‘खर्च वाढतो आणि पान कुरूप होतं’

खर्च केव्हा वाढतो ते पाहा. घर बांधून झाल्यावर दार रुंद करायचं तर भिंत फोडावी लागते. नकाशातच रुंद काढलं तर तीच भिंत थोडी आखूड होते. मथळे, बटणांची नावं, रंगांतला फरक हे सुरुवातीलाच ठरलं तर वेगळा खर्च असा फारसा दिसत नाही. मागाहून दुरुस्ती मात्र खरंच महाग पडते, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून जुन्या कामात आधी लोकांचं अडून राहणारं काम शोधावं: लॉगिन, पैसे भरणं, तक्रार नोंदवणं. ‘आमच्याविषयी’ हे पान नंतर.

कुरूपतेचा आक्षेप मला पटत नाही. वर सांगितलेलं बहुतेक काम दुसऱ्या रूपातलं आहे, ते डोळ्यांना दिसतच नाही.

## ‘एआय आहे की, ते करेल’

पानावर एक ओळ टाका आणि सगळं आपोआप सुगम्य होईल, असं सांगून विकली जाणारी साधनं बरीच आहेत. २०२५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा एका कंपनीला तिच्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले. अनेक दृष्टिहीन वापरकर्ते तर सांगतात, की अशा साधनांमुळे त्यांचा स्क्रीन रीडर उलट अडतो.

एआय चित्राचं वर्णन करू शकतं, आणि काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण चित्र तिथे का ठेवलंय हे त्याला सहसा कळत नाही. त्याला ‘खुर्चीवर बसलेली स्त्री’ दिसते. लेख खुर्चीबद्दल आहे की त्या स्त्रीबद्दल, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं.

यंत्राने केलेली तपासणीही अर्धीच असते. चित्राला वर्णन आहे का एवढं यंत्र सांगतं, ते वर्णन खरं आहे का हे सांगत नाही. डोळे मिचकावायला सांगणारं ॲप अशा सगळ्या तपासण्या उत्तीर्ण झालं असतं. तिथे चूक कोडमध्ये नव्हतीच. जिवंत माणूस डोळे मिचकावू शकतो, हे कुणीतरी गृहीत धरलं होतं, आणि ज्याला ते शक्य नाही असा माणूस ते ठरवताना खोलीत नव्हता.

## मग शिकायचं कसं?

माउस बाजूला ठेवा. रोज वापरता ती एखादी वेबसाइट टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळांवर चालवून बघा. कुठे आहात ते दिसतं का? एखाद्या चौकटीत शिरल्यावर बाहेर पडता येतं का? पंधरा मिनिटांत जे कळेल ते दहा लेख वाचून कळणार नाही.

मग अक्षरं दुप्पट मोठी करा आणि काय कापलं जातं ते बघा. त्यानंतर फोनवरचा टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर चालू करा, पण तो बंद कसा करायचा हे आधी वाचून ठेवा, कारण तो चालू झाला की बोटांच्या खुणा बदलतात. संगणकासाठी एनव्हीडीए फुकट मिळतो. पद्धतशीर शिकायचं असेल, तर वेब कन्सॉर्शियमचा ‘डिजिटल ॲक्सेसिबिलिटी फाउंडेशन्स’ हा इंग्रजी अभ्यासक्रम विनामूल्य करता येतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. डोळे मिटून दहा मिनिटं स्क्रीन रीडर चालवल्याने दृष्टिहीन असणं कळत नाही. कळतं ते नवशिकं असणं. सराव असलेले लोक तो इतक्या वेगाने ऐकतात की नवख्याला एक शब्दही पकडता येत नाही, आणि नीट बांधलेल्या पानावर ते झपाट्याने काम उरकतात. तुमच्या दहा मिनिटांतून त्यांच्याबद्दल कणव घेऊन बाहेर पडलात, तर चुकीचा धडा घेतलात. चुकलेली गोष्ट पान होती.

म्हणून शेवटची तपासणी त्यांच्यासोबतच करायची, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यायचे. हे तज्ज्ञाचं काम आहे. ‘हे वापरता येतंय का?’ असं विचारू नका, भिडेखातर ‘हो’ असं उत्तर येतं. एक खरं काम द्या, ‘ही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मला सांगा,’ आणि मग गप्प बसा. मधे कुठेतरी ते थांबतील, मागे जातील, तीच ओळ पुन्हा ऐकतील. तुमच्या तोंडावर येईल, “खालचं ते निळं बटण.” बोलू नका. ती जागा लिहून घ्या.